लायकीचा दाखला

गोशे हा आजार असलेल्या मुलाचं वजन वाढलं, की त्याच्या औषधाचा खर्चही वाढतो. या आजारात शरीरात एक एन्झाइम कमी पडतं आणि चरबीसारखा एक पदार्थ पेशींमध्ये साठत जातो. प्लीहा आणि यकृत वाढतं, रक्त कमी होतं, हाडं दुखतात. कमी पडणारं एन्झाइम बाहेरून देता येतं: साधारण दर पंधरवड्याला, शिरेतून, आयुष्यभर. त्याची मात्रा वजनावर ठरते. मूल अंग धरू लागलं ही कुठल्याही घरात आनंदाची गोष्ट. या घरांत त्याच बातमीसरशी पुढच्या वर्षाचा हिशेब बदलतो.

मी जयपूरला राहते आणि भाषांतरं करते. पुस्तकांच्या जोडीला गेली काही वर्षं माझ्याकडे आणखी एक काम येतं: आजारी मुलांच्या घरच्यांचे कागद. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली माणसं देशभर पसरली आहेत. दागिन्यांचा बाजार जिथे, तिथे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही मराठी घरं असतात. जयपूरमधल्या अशाच एका कुटुंबातल्या मुलीला गोशे आहे. तिच्यासाठी मी तीन मजकूर तयार केले. इंग्रजीतल्या रिपोर्टांचा सारांश, सरकारी अर्जासाठी हिंदी, आणि गावाकडच्या लोकांसाठी मराठीतलं मदतीचं आवाहन.

तिन्ही मजकूर एकाच मुलीबद्दल होते, पण तिन्हींत तिच्याकडून मागितलेलं वेगळं होतं. इंग्रजी कागदाला तिचं एन्झाइम, प्लेटलेट आणि जनुकीय तपासणीचा निकाल हवा होता. हिंदी अर्जाला वय, उत्पन्न आणि रहिवास. मराठी आवाहनाला मात्र ती मुलगी कशी आहे ते हवं होतं. ती हुशार आहे का, गोड आहे का, मोठेपणी कोण व्हायचं म्हणते. आवाहनांचा अनुभव असलेल्या एका गृहस्थांनी घरच्यांना सल्ला दिला होता, की ‘चिमुकली’ आणि ‘मृत्यूशी झुंज’ हे शब्द यायलाच हवेत. तिचे वडील मला म्हणाले, “ताई, हसतानाचा फोटो नको म्हणतात. लोकांना खरं वाटत नाही.”

पहिल्या दोन कागदांनी आजार आणि परिस्थिती सिद्ध करायची होती. तिसऱ्याने लायकी सिद्ध करायची होती. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आणि माझा प्रश्न त्या फरकाबद्दलच आहे.

थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये एका निबंधात एक साधं निरीक्षण मांडलं. एखाद्या लहान मुलीला ऑपरेशनसाठी पैसे हवेत असं कळलं, की लोक खिशातली चिल्लर काढून पाठवतात. पण कर भरला नाही तर राज्यातली रुग्णालयं खालावतील आणि काही मृत्यू वाढतील, असं सांगितलं तर कुणाच्या डोळ्याला पाणी येत नाही. चेहरा असलेला जीव आणि आकड्यातला जीव यांना आपण वेगवेगळ्या तराजूत घालतो.

जयपूरने याची चांगली बाजू पाहिली आहे. मे २०२४ मध्ये इथल्या जे. के. लोन रुग्णालयात स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, असलेल्या एका बाळाला साडेसतरा कोटी रुपये किमतीचं जीन थेरपीचं इंजेक्शन दिलं गेलं. वडिलांच्या खात्यातल्या सहकाऱ्यांनी पैसे दिले, नावाजलेल्या लोकांनी आवाहन केलं, अनोळखी माणसांनी जमेल ती रक्कम पाठवली. उरलेली रक्कम हप्त्यांनी द्यायचं ठरलं. अशा वेळी ‘भावनेच्या भरात दिलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. समोर दिसणाऱ्या मुलासाठी हात पुढे होतो, यात चूक काही नाही. न दिसणाऱ्यांसाठी तो होत नाही, ही खरी अडचण आहे.

शिवाय अशा आवाहनाला यश येण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. एकच डोस, एकच आकडा, वय दोन वर्षांचं व्हायच्या आतली मुदत, आणि मागे उभं राहणारं एखादं मोठं खातं किंवा समाज. गोशेच्या मुलीकडे यातलं काय आहे? तिच्या औषधाला शेवटचा आकडा नाही, त्यामुळे ‘लक्ष्य पूर्ण झालं’ असा दिवस तिच्या आवाहनाला कधी येत नाही. पहिल्यांदा गाव देतं, दुसऱ्यांदा नातेवाईक देतात. दहाव्यांदा मागायला जाताना बापाची मान आपोआप खाली जाते.

म्हणून हे ओझं शेजाऱ्यांच्या दयेवर न ठेवता राज्यसंस्थेने उचलावं, हे म्हणणं पुढे आलं. एप्रिल २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गोशे असलेल्याच एका गरीब मुलाच्या प्रकरणात सांगितलं, की पैसे नाहीत एवढं कारण देऊन सरकारला अशा मुलाकडे पाठ फिरवता येणार नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यात आजारांचे तीन गट आहेत. उपचार उपलब्ध आहे पण फार महाग आणि आयुष्यभराचा आहे, असे आजार तिसऱ्या गटात येतात. गोशे त्यातला. या गटासाठी धोरणाने सुरुवातीला मुख्यतः एक पोर्टल देऊ केलं: रुग्णाचा आजार आणि अंदाजे खर्च मांडायचा, आणि दात्यांनी स्वेच्छेने पैसे द्यायचे. म्हणजे सरकारनेही तेव्हा आवाहनाचाच मार्ग धरला. मे २०२२ मध्ये तिन्ही गटांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मंजूर झाली. ती ठरावीक उत्कृष्टता केंद्रांतूनच मिळते. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक आहे, राजस्थानात जोधपूरचं एम्स. राजस्थान सरकारनेही मुख्यमंत्री आयुष्मान बाल संबल योजनेत १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ५० लाखांपर्यंतचा उपचार आणि दरमहा ५ हजार रुपये ठेवले आहेत. मुलाच्या घरच्यांनी कुठलंही आवाहन लिहिण्याआधी ही दारं ठोठवायला हवीत. तिथे आजार सिद्ध करावा लागतो, पण गोड असावं लागत नाही.

आता एक आक्षेप. तो निष्ठुर वाटतो, पण उडवून लावण्याजोगा नाही. एका मुलावर ५० लाख खर्च केले, तर त्या पैशात किती क्षयरोगी बरे होतील, किती बाळांना लसी मिळतील? जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोरही जीवच असतात. त्यांना फक्त फोटो नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. त्यात मुलाच्या जिवाची किंमत धरली जाते, पण औषधाची किंमत पावसापाण्यासारखी गृहीत धरली जाते. एसएमएवरचं रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध आपल्याकडे एका बाटलीला सुमारे सहा लाखांना होतं. पेटंटचा वाद न्यायालयात गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये देशी कंपनीचं तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आलं. आजार तोच, मुलं तीच. कालपर्यंत ‘परवडत नाही’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जात होतं, त्यांची लायकी एका रात्रीत वाढली नव्हती.

जयपूरला हे नवं नाही. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात जयपूर फूट घडवला. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते. पाय गेलेल्या माणसाला तिथे स्वतःची करुण कहाणी छापून आणावी लागत नाही. वस्तूच स्वस्त करण्यावर कुणीतरी डोकं चालवलं, म्हणून प्रत्येकाला मागण्याची वेळ आली नाही.

अर्थात प्रत्येक औषधाचं असं होणार नाही. गोशेचं एन्झाइम जिवंत पेशींमधून तयार करावं लागतं आणि रुग्ण थोडे असतात. किंमत उतरली तरी काही प्रमाणात कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हा प्रश्न उरणारच. मग निवड कशी करावी? डिसेंबर २०१९ मध्ये नोव्हार्टिस कंपनीने आपलं एसएमएचं इंजेक्शन जिथे मंजूर नव्हतं अशा देशांतल्या मुलांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १०० डोस मोफत द्यायचं ठरवलं, आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. त्यावर खूप टीका झाली, आणि ती योग्यच होती, कारण तुटवडा आणि भाव दोन्ही कंपनीच्याच हातात होते. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या चिठ्ठीने कुणाचा फोटो मागितला नाही. नियम, रांग, अगदी नाइलाजाने चिठ्ठीसुद्धा मला आवाहनापेक्षा न्याय्य वाटते. ‘नाही’ ऐकावं लागलं तरी मूल कमी पडलं असा त्याचा अर्थ होत नाही.

अर्जात ‘दुर्लभ बीमारी’ असे शब्द असतात. मी मराठीत ‘दुर्मीळ आजार’ लिहिते, कारण मराठीत दुर्लभ म्हणजे जे हवंहवंसं आहे पण मिळत नाही ते. त्या अर्थाने या सगळ्या कागदांत दुर्लभ असतं ते औषध.

हे सगळं पटूनही मी आवाहनांची भाषांतरं करते. धोरण सुधारेपर्यंत मुलीच्या हाडांनी थांबावं, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मात्र मी त्यात आजाराचं नाव, उपचार, दर महिन्याचा खर्च, सरकारी मदत कुठे संपते आणि किती कमी पडतं ते लिहिते. फोटो कोणता, हे घरच्यांनी ठरवावं. या मुलीच्या आईने हसतानाचाच ठेवला. गलाईवाल्या भाऊबंदांनी आणि गावाने मिळून काही महिन्यांपुरतं जमवलं.

असं आवाहन तुमच्यापर्यंत आलं तर द्या. दिल्यावर मुलीची कहाणी, तिचे आभार, दर महिन्याला तिची प्रगती मागू नका. तिने पहिल्या वेळी कागदावर आजार सिद्ध केला आहे. पुढे विचारायचंच असेल तर ते आपल्या आमदाराला आणि खासदाराला विचारा: ५० लाख संपल्यावर काय?