जमेल तेवढी सेवा

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की मला एक मुलगा आठवतो. आमच्या केममध्ये कुंकवाचे कारखाने आहेत, तो तिथेच कामाला. चार वर्षांपूर्वी सप्ताहात रात्री साडेनऊला मंदिरात आला. हात कोपरापर्यंत लाल. पंगतीची व्यवस्था माझ्याकडे होती. मी म्हणालो, "सकाळची सेवा चुकवून आता प्रसादाला आलास होय?" तो काही बोलला नाही. मागे गेला, दोन मोठी पातेली घासली आणि न जेवताच निघून गेला. पुन्हा आला नाही.

सेवा म्हणजे सात दिवस, काकड्यापासून शेजारतीपर्यंत, असं मी मानत आलो. श्रीगुरुचरित्राचं पारायण आपण मधूनच सोडतो का? मग सेवा तरी सवडीने कशी करायची? हा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही.

पण भक्तहो, गावात आता पोरं आहेत कुठे? कोणी भोसरीला, कोणी हडपसरला. शनिवारी रात्री केम स्टेशनवर उतरायचं, रविवारी परत. गावात उरलेली रोजंदारीवर. सात दिवस मोकळा सापडणारा तरुण म्हणजे बहुधा बेकार तरुण. (हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं.)

गेल्या वर्षी मंडळाच्या पोरांनी मोबाईलवर तक्ता केला. पाणी भरणे, चपला सांभाळणे, पातेली घासणे, अशी तासा-दोन तासांची कामे. ज्याला जेव्हा जमेल तिथे त्याने नाव घालायचं. मला हा पोरखेळ वाटला. तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तासच असतात." हिशेब केला, दिवसाला वीस मिनिटंसुद्धा पडत नाहीत! आणि 1969 पासून ही योजना चालू आहे. या मुलांनी खेड्यापाड्यांत श्रमदान केलंच की.

मग गाणगापूरची माधुकरी आठवली. पाच घरं फिरायची, प्रत्येक घरचं थोडं घ्यायचं. एकाच घरावर भार नाही. मात्र दुपारी त्या दारात झोळी आली, तर आत चूल पेटलेली असावी लागते. थोडं दिलं तरी चालतं, पण ते वेळेला असावं लागतं. आमच्या तक्त्याची खोड तिथेच निघाली. पहिल्याच दिवशी चपलांपाशी नाव घातलेले दोघे फिरकलेच नाहीत, निरोपही नाही. आणि खरं सांगायचं तर पहाटे चारपासून भाजी चिरणाऱ्या बायकांची नावं तक्त्यात कधीच नव्हती. तुम्हाला कोणती वेळ सोयीची, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. यंदा तो रकाना आधी भरला, त्यांना विचारून.

अवधूताच्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नव्हता. तो किती तास बसला होता, हे कुणी मोजलेलं नाही. त्या रात्री मागच्या अंगणात पातेली घासणाऱ्या मुलाचे तास मात्र मी मोजत होतो.

यंदा रात्री दहाचा पातेल्यांचा रकाना रिकामाच राहिला. मी त्या मुलाच्या घरी गेलो. "माझं चुकलं," म्हणालो. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "तात्या, शुक्रवारी माल भरायचा असतो, तेव्हा नाही जमणार. बाकीचे दिवस येतो."

शुक्रवारच्या रकान्यात मी माझं नाव घातलं.