दोन गुरुबंधु आणि बळाचा प्रश्न

मनुष्याच्या अंगीं दिसणारें बळ त्याचें स्वतःचें असतें, कीं ज्या रिंगणांत तो उभा आहे त्या रिंगणाच्या नियमांनीं त्यास तें उसनें दिलेलें असतें, हा वाद फार जुना आहे. त्याचा निकाल लावणें कठीण जातें, कारण दोन माणसें सर्वस्वीं सारखीं कधीं सांपडत नाहींत. आणि तींच माणसें निराळ्या नियमांखालीं पुनः जगतांना पाहावीं, अशी सोय सृष्टीनें ठेविलेली नाहीं. ही सोय एका अनपेक्षित ठिकाणीं झालेली आहे. तें ठिकाण म्हणजे पडद्यावर खेळावयाचे द्वंद्वयुद्धाचे खेळ. मुलांची करमणूक म्हणून वडील मंडळी त्यांकडे लक्ष देत नाहींत. परंतु नीतीचा विचार करणारास तेथें शिकण्यासारखें पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

कॅपकॉम या जपानी कंपनीनें १९८७ सालीं ‘स्ट्रीट फायटर’ हा खेळ काढिला. त्यांत र्‍यू व केन असे दोन योद्धे आहेत. पुढें रचिलेल्या कथेप्रमाणें हे दोघे गोकेन नांवाच्या एकाच गुरूचे शिष्य. तळहातांतून तेजाचा गोळा फेंकणें, उसळी घेऊन वर ठोसा मारणें, आणि गिरकी घेत लाथा झाडीत पुढें जाणें, या तीन विद्या दोघांसही अवगत. १९९१ सालच्या दुसऱ्या खेळांत वेष व चेहरा सोडल्यास हे दोघे जवळजवळ एकरूप होते. १९९२ च्या सुधारलेल्या आवृत्तीपासून कर्त्यांनीं त्यांच्यांत भेद घालावयास आरंभ केला. केनचा ठोसा अधिक लांबवर जाऊं लागला व पुढें त्यास ज्वाळाही फुटल्या. र्‍यूचा भर मात्र तेजोगोलावर राहिला.

१९९९ सालीं ‘थर्ड स्ट्राइक’ हा खेळ निघाला. या मालिकेंत ‘पॅरी’ नांवाची युक्ति प्रत्येकास दिलेली आहे. शत्रूचा आघात अंगावर येतांच, नेमक्या क्षणीं दांडी त्याच्याच दिशेनें लोटली, तर तो आघात कांहींही हानि न होतां परतविला जातो. याचा परिणाम उघड आहे. दूर उभें राहून तेजोगोल फेंकणाराचें भांडवल आटलें. जवळ जाऊन एकामागून एक घाव घालणाराचें वाढलें. केन त्या खेळांतील पहिल्या पंक्तीच्या तिघां-चौघांत जाऊन बसला आणि र्‍यू मागें राहिला. २००८ सालच्या चौथ्या खेळांत ही युक्ति राहिली नाहीं, आणि र्‍यूस पुनः मानाचें स्थान मिळालें. २०२३ च्या सहाव्या खेळांत आरंभीं पुनः केनच वरचढ मानला गेला.

आतां आम्ही विचारतों, मधल्या काळांत र्‍यूनें कोणता आळस केला, आणि केननें कोणती तपश्चर्या केली? दोघांची विद्या तीच. बदललें तें तिला मोल देणारें जग. व्यवहारांतही असेंच घडतें. वळणदार अक्षर हा एके काळीं कारकुनाचा मोठा गुण होता. टंकलेखनाचें यंत्र आलें आणि त्या गुणाचा भाव उतरला. अक्षर मात्र बिघडलें नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, तर मग सर्वांस समान करून टाकावें. अन्याय राहणार नाहीं. परंतु १९९१ चे र्‍यू आणि केन जवळजवळ समानच होते, आणि त्यामुळेंच त्या दोघांतून एक निवडणें ही निवडच नव्हती. ज्या क्षणीं त्यांस निराळे स्वभाव मिळाले, त्याच क्षणीं एक थोडा वर व एक थोडा खालीं जाणें अटळ झालें. विषमता ही वैशिष्ट्याची किंमत आहे. ती अजिबात द्यावयाची नसेल, तर सर्वांनीं एकाच चेहऱ्याचें व्हावें लागेल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. बळ जर वांटून दिलेलें असेल, तर विजयाचें श्रेय कोणाचें? येथें खेळाडूंच्या रूढीनें एक भेद केला आहे, तो आम्हांस मार्मिक वाटतो. १९९४ सालच्या आवृत्तींत गोकेनचा भाऊ अकुमा हा गुप्त पात्र म्हणून आला. विद्या त्याच घराण्याची. पण तो हवेंतूनही तेजोगोल फेंकी, आणि त्यास उत्तर देणें इतरांस जवळजवळ अशक्य होई. स्पर्धांतून त्यास वगळण्यांत आलें. केनला मात्र प्रबळ असूनही कोणीं वगळलें नाहीं. ज्या विषमतेस परिश्रमानें उत्तर देतां येतें ती सोसावी. जीस उत्तरच नाहीं ती रिंगणाबाहेर ठेवावी, असा हा न्याय आहे.

उत्तर म्हणजे काय, हें २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील ‘इव्हो’ स्पर्धेंत दिसलें. दाइगो उमेहारा याच्या केनचा प्राण कंठाशीं आला होता; साधा बचाव करूनही तो मेला असता. जस्टिन वाँग याच्या चुन-लीनें पंधरा लाथांचा महाप्रहार सोडला. उमेहारानें ते पंधराही आघात एकेक करून परतविले व तो डाव जिंकला. ती युक्ति खेळानें प्रत्येकास दिली होती. ती त्या घटकेस साधण्याचें धैर्य व अभ्यास खेळानें दिलेला नव्हता. त्या वर्षीं अंतिम सामना तो हरला, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें २००९ व २०१० या दोन्ही वर्षीं त्याच स्पर्धेंत तो र्‍यूस घेऊन अजिंक्य ठरला. पात्र बदललें, नियम बदलले, उरला तो खेळणारा.

आपल्या घरांतून दोन भावांची तुलना रोज चालते. एकच अन्न, एकच शिकवण, आणि एक पुढें गेला, दुसरा मागें राहिला. यावरून दुसऱ्याच्या माथीं आळसाचा दोष मारून आपण मोकळे होतों. त्यापूर्वीं दोघांस कोणतें रिंगण मिळालें, हें विचारणें आपलें कर्तव्य आहे. पुढें गेलेल्यानें आपल्या वांट्यास आलेलें अनुकूल बळ कबूल करावें. मागें राहिलेल्यानें प्रतिकूलता जेवढी खरी असेल तेवढीच सांगावी, तिळभरही अधिक नको. दोघांनींही एवढा प्रामाणिकपणा दाखविला, तर त्यांच्यांतील अंतर कदाचित् तसेंच राहील. परंतु एकाच्या मनांतील गर्व आणि दुसऱ्याच्या मनांतील कटुता तरी राहणार नाहीं.