तीन टक्क्यांची सूट

बाबांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा चालू करायची ठरवल्यापासून, कशासाठी असं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी एकच उत्तर दिलं: त्यांची आठवण. हे ऐकलं की समोरचा गप्प होतो. आठवणीशी कोण हुज्जत घालणार? पण काम पुढे सरकत गेलं तसं ते उत्तर माझं मलाच पटेना.

बाबांना या गाडीचं कौतुक कधीच नव्हतं. त्या काळी पद्मिनी नाहीतर अँबेसेडर, तीही पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर. मूळची इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण त्यांच्या लेखी नुसतं एक साधन. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बसायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून ते रस्त्याकडेला उभे, तोंडानं गाडीचा उद्धार चालू. मारुती परवडली असती तर त्यांनी ही बिनदिक्कत विकली असती. म्हणजे जपायची ती आठवण त्यांची नाहीच. मागच्या सीटवर लिमलेटच्या गोळ्या चघळत बसलेल्या मुलाची आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हाही हळहळलो मी प्रवासी म्हणूनच. दिवसभर क्लच दाबणाऱ्याचा गुडघा त्या हळहळीत कुठेच नव्हता.

गाडीचं काम हाती घेतलेल्या मिस्त्रींनी आधी बॅटरी जोडूच दिली नाही. प्लग काढले, सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑईल सोडलं, ते मुरू दिलं आणि मग पुली हातानं फिरवून इंजिन मोकळं आहे ना, ते पाहिलं. टाकीतल्या पेट्रोलचं वॉर्निश झालं होतं, कार्बोरेटरचे जेट बुजलेले. रबरी नळ्या सगळ्या बदलाव्या लागल्या, कारण हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. पॉइंट घासून गॅप लावला आणि इंजिन सुरू झालं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, "चालू करणं सोपं असतं साहेब. थांबवायचं काम बाकी आहे." चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि व्हील सिलेंडर गंजून जाम. त्या खर्चाचा अंदाज ऐकून मी कुरकुरलो. बंपरच्या क्रोमसाठी मात्र आदल्याच दिवशी न विचारता पैसे काढून दिले होते. बंपर लोकांना दिसतो, ब्रेक दिसत नाहीत. आठवणीच्या खाली काय दडलं होतं, ते तेव्हा स्वच्छ दिसलं: रस्त्यातल्या माना वळाव्यात ही हौस. (हौसेला माझी ना नाही. तिला बाबांचं नाव दिलं, ते खटकतं.)

आणि धूर. पीयूसीच्या तपासणीत इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. भारत स्टेज चारच्या गाडीला ०.३. दहापट सूट! कायद्यानं ती दिली आहे, कारण जुन्या इंजिनाकडून याहून अधिक मागता येत नाही. पण सिग्नलला माझ्या मागे स्कूटरवर थांबलेल्या बाईला ही सूट कोणी विचारून दिली? पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली, तेव्हा ही लूट आहे म्हणून मी तावातावानं बोललो होतो. माझ्या सीट कव्हरचं बिल त्याहून मोठं आहे.

नवी गाडी बनवायलाही पोलाद आणि वीज लागते, तेव्हा जुनी वापरत राहणंच बरं, हाही युक्तिवाद मी मनाशी करून पाहिला. ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही त्याला तो शोभतो. माझ्याकडे आहे, रोज तीच चालवतो.

तरीही पद्मिनी भंगारात देणार नाही, कारण ती मला हवी आहे. एवढंच कारण आहे, आणि ते फार मोठं नाही हे कबूल करूनच पुढचे नियम घातलेत: ब्रेक पूर्ण होईपर्यंत गेटबाहेर काढायची नाही, नंतरही गर्दीच्या वेळी नाही, नातवंडांना बसवायचं नाही, कारण मागे सीटबेल्ट नाहीत. मिस्त्रींना सांगितलंय, मिश्रणाचा स्क्रू लावताना आकडा जमेल तितका खाली आणा, एकच्या आत आला तर उत्तम.

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. "पण साहेब, पास तर तीनलाच होते."