तसवीर कोणाची?

एका शायराचा शेर दुसऱ्याने आपल्या नावावर वाचला तर मुशायऱ्यात गलका होतो. सर्का, म्हणजे काव्यचोरी, हा उर्दूतला जुना आणि बदनाम शब्द आहे. फोटोच्या चोरीला मात्र आपल्याकडे असा शब्दच नाही. स्मरणिकेत, मोर्चाच्या फलकावर, मोबाइलवर नाव कापलेली छायाचित्रे फिरत असतात आणि त्यात काही गैर झाले असे कोणाला वाटत नाही.

बटन तर कोणीही दाबेल, काम कॅमेऱ्याने केले, असे आमच्या वर्गातली मुले म्हणतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. कायद्यालाही बरीच वर्षे असेच काहीसे वाटत होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राला कलाकृती मानले खरे. पण कवीचा, चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर काही दशके चालत असे आणि फोटोची मुदत मात्र प्रसिद्धीपासूनच मोजली जाई. हा भेद २०१२ च्या दुरुस्तीने मिटला. आता छायाचित्रकाराचा हक्कही हयातभर आणि नंतर ६० वर्षे. त्यासाठी नोंदणीची अट नाही.

मग बटन दाबणाऱ्याची मेहनत ती कोणती? २००२ च्या अहमदाबादचा तो फोटो आठवावा. हात जोडलेला, डोळ्यांत पाणी आणलेला, जीव वाचवा म्हणून सुरक्षा दलाला विनवणारा तरुण शिंपी. रॉयटर्सचे अर्को दत्ता त्या वेळी जळत्या शहरात उभे होते. यंत्र सर्वांकडे असेल, पण तिथे उभे राहणे आणि नेमका तो क्षण ओळखणे हे यंत्राचे काम नव्हे. हा फोटो नाव खोडून वापरणे म्हणजे साक्षीदाराला पुसून साक्ष वापरणे होय.

इथवर सोपे आहे. अवघड पुढेच आहे. तो चेहरा जगभर गेला आणि शिंप्याचे जगणे कठीण झाले. ओळखले जाण्याच्या जाचाने त्याला शहर सोडून काही काळ कोलकात्यात राहावे लागले. २०१६ मध्ये आसामच्या निवडणुकीत एका पक्षाच्या जाहिरातीत तोच चेहरा आला, तेव्हा त्याने उघड हरकत घेतली. कॉपीराइटच्या कायद्यात त्याच्यासाठी काय आहे? काही नाही. गंमत अशी की, त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेणारा, वेगळा करार नसेल तर, त्या फोटोचा पहिला मालक ठरतो. म्हणजे लग्नातला नवरदेव आपल्या तसविरीचा मालक होऊ शकतो, जीव मागणारा माणूस नाही. त्याने पैसे कुठे मोजले होते?

यावरून काहीजण म्हणतील, दुसऱ्याच्या दुःखावर छायाचित्रकाराचा हक्क कसला? आम्हाला हे पटत नाही. फोटोखाली नाव असले तर कोणाला तरी विचारता येते: हा कधीचा, कुठला, कशासाठी? ‘इथे वापरू नका’ असे सांगणारा कोणी तरी असतो. बेवारस फोटोला असा वाली नसतो. तो आज एका दंगलीचा म्हणून फिरतो, उद्या दुसऱ्या. त्यातल्या माणसाच्या मरणाचे गावही बदलले जाते. तेव्हा छायाचित्रकाराचे नाव पुसणारा चेहऱ्याचेही नुकसान करतो.

पण मग त्या हक्काला मालकी म्हणण्यापेक्षा अमानत म्हणणे आम्हाला अधिक बरोबर वाटते. अमानत सांभाळणाऱ्याला मोबदला घ्यायची मनाई नाही. त्याची रोजीरोटी त्यावरच असते. मात्र ती कोणाच्याही हाती देण्याची मुभा त्याला नाही. एखादा पक्ष भरपूर रक्कम घेऊन आला आणि त्याला तो चेहरा हवा असला, तर कायदा छायाचित्रकाराला होकार देऊ देईल. त्या वेळी नकार द्यायचा की नाही, हे त्याने एकट्याने ठरवायचे आहे. त्या शिंप्याला विचारायला कोणी जाणार नाही.