पान्हा आणि भोत

गाईम्हशींना पान्हा का फुटतो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे आहेत. एक गोठ्यातले आणि दुसरे विद्यापीठातले. गोठ्यातले उत्तर असे, की माय लेकराला पाहते, हुंगते, चाटते, तिचे मन भरून येते आणि पान्हा सुटतो. मन नसेल तर ती पान्हा चोरते. विद्यापीठातले उत्तर असे, की वासराने कासेला ढुशी दिली, किंवा माणसाने कास कोमट पाण्याने धुतली, की आचळांच्या कातडीतले मज्जातंतू ती वार्ता मेंदूला पोचवतात. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या एका लहानशा ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. ते कासेत पोचले, की दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतालच्या पेशी आकसतात आणि साठलेले दूध खाली येते. हा अंमल काही मिनिटांचाच असतो, म्हणून धार काढणाऱ्याने मध्येच उठून जाऊ नये. जनावर भ्यायले, कोणी काठी उगारली, तर अड्रेनलिन रक्तात येते आणि पान्हा अडतो. म्हणजे पान्हा चोरणारी म्हैस पुष्कळदा चोर नसते, भ्यालेली असते.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, तेव्हा हे दुसरे उत्तर माझे नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी पशुवैद्यकाच्या पदवीचा अभ्यास करतो आहे, त्याच्याकडून ते मी समजावून घेतले. आपल्या राज्यात या विद्येचे वेगळे विद्यापीठ २००० साली नागपुरास झाले. परळचे महाविद्यालय मात्र १८८६ पासूनचे आहे. पदवीला साडेपाच वर्षे लागतात. या साडेपाच वर्षांत गोठ्यातून आलेल्या मुलाच्या मनात गोठ्याचे काय होते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे. शिकून त्याची माया आटते, की माया होती तीच मुळात आंधळी होती, हे त्याला कळते?

मायेला शास्त्राने मारले, असे म्हणण्याचा मोह आपल्या साहित्यिकांना फार. मला तो पटत नाही. ऑक्सिटोसिनचे नावही कोणी ऐकलेले नव्हते तेव्हा शहरातले गवळी फुंका करीत. वासरू मेलेल्या म्हशीच्या योनिमार्गात नळीने वारा भरायचा, म्हणजे ती पान्हावते. आज शरीरशास्त्र सांगते, की त्या ताणानेही तेच द्रव्य रक्तात उतरते. गवळ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते आणि त्याने ते वेदनेच्या वाटेने वापरले. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले, त्यामागे संयमाचा विचार होताच, पण कलकत्त्याकडे दुभत्या जनावरांचे कसे हाल होतात याचे वाचनही होते. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारानंतर कस्तुरबांच्या सांगण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, अशी समजूत करून घेतली. तिची टोचणी त्यांना लागून राहिली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. फुंक्याला १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने शिक्षा ठेवली. पण त्याच द्रव्याची सुई टोचून दूध काढणारे निघालेच. साधन बदलले, हात तोच राहिला.

आणि शास्त्राचे देणे थोडे नाही. बुळकांडीचे नाव काढले की आमच्याकडची म्हातारी माणसे कानाला हात लावीत. दावणीच्या दावणी रिकाम्या करणारा तो रोग. भारतात तो शेवटचा १९९५ साली दिसला आणि २०११ साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९२० नंतरच्या काळात एडवर्ड्‌स या संशोधकाने रोगाचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा नेत नेत त्याची बैलावरची धार बोथट केली. त्यातून लस निघाली. त्या शेळ्यांना कोणी विचारले नव्हते. तेव्हा ज्याच्या दावणीला आज बैल उभा आहे, त्याने प्रयोगशाळेला शिव्या देताना जरा दमाने घ्यावे.

खरा पेच पुढे आहे. गेल्या वर्षी या मुलाच्या घरी म्हैस व्याली आणि तिचे रेडकू तीन आठवड्यांत मेले. आजीने जुन्या रीतीप्रमाणे त्याचे कातडे सोलवून घेतले, वाळवून पेंढा भरला आणि भोत करून म्हशीपुढे उभे केले. म्हैस त्याला चाटते आणि पान्हावते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ते पाहवेना.

"आजी, फसवतेस कशाला तिला? पुढ्यात दोन मुठी पेंड ठेव, कास धू, वेळ पाळ. येतो पान्हा. वासरू लागतच नाही."

आजी म्हणाली, "फसवत न्हाई रं बाबा. तिचं लेकरू गेलंया, हे आपुन ध्यानात ठिवलंय, म्हनून दावते तिला."

मी हे त्याच्याच तोंडून ऐकले आणि दोन दिवस मला दुसरे काही सुचले नाही. भोत ही फसवणूक आहे, यात शंका नाही. पण त्या फसवणुकीत एक कबुली दडलेली आहे: ही आई आहे, आणि आईखेरीज दुसऱ्या कोणाकडून हे दूध मिळणार नाही. मुलाची रीत अधिक प्रामाणिक, तिच्यात खोटे काही नाही. पण तिच्यात आईही नाही. मोठ्या गोठ्यांतून तर वासरू जन्मताच बाजूला करतात. त्याला चीक बाटलीने पाजतात. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, कारण रोगाशी झुंजण्याची शक्ती गाईच्या वासराला गर्भात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. माय आणि लेकरू उशिरा तोडले तर दोघेही दिवसचे दिवस हंबरतात, लगेच तोडले तर कमी हंबरतात. हे पडताळलेले आहे. म्हणजे नाते जडूच दिले नाही, तर तुटण्याचे दुःख नाही. आता गोऱ्हा नको म्हणून निवडक रेतन निघाले आहे. दहांत नऊ कालवडी होतात. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात औताला तो टिकत नाही, ट्रॅक्टर दारात आला आणि २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी झाली. मग तो उकिरड्यावर उपाशी फिरण्यापेक्षा जन्मलाच नाही, तर बरे नव्हे काय?

या युक्तिवादात मला चूक दाखवता येत नाही. दुःख मोजायचे असेल तर हेच बरोबर. माझी हरकत एवढीच, की येथे हंबरणे मोजले जाते आणि न जडलेले नाते मोजले जात नाही. आणि ज्या दुःखावर आपण इतक्या हुशारीने इलाज काढतो, ते आपल्या दुधाच्या तांब्यातून निघाले आहे, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कोठेच मांडलेली नसते.

पण आजीच्या बाजूने निकाल द्यावा, तर तेथेही एक प्रश्न उरतो. रेडकू मेले कशाने? मी मुलाला विचारले. तो सांगायला राजी नव्हता, पण म्हणाला, "जंतांनी, गुरुजी. म्हशीच्या दुधातूनच ते जंत रेडकाच्या पोटात जातात. दुसऱ्या आठवड्यात औषधाचा एक डोस दिला असता तर जगलं असतं." म्हणजे जी माय त्याला चाटत होती, तिच्याच दुधातून त्याचे मरण आले होते. हे आजीच्या मायेला कधीच दिसले नसते. ते दिसायला शाळा लागते. शिवाय ते रेडकू नर होते. घरोघर नराला दूध कमी सोडतात, हे आजीने नाकारले नाही. मेल्यावर त्याची आठवण ठेवणारे घर, तो जिवंत असताना त्याच्या वाट्याचे दूध चहात घालीत होते.

तेव्हा मुलाची माया आटली काय? मला तसे दिसत नाही. यंदा म्हैस पुन्हा व्याली, पुन्हा नरच. मुलाने परीक्षेच्या धांदलीतही फोन करून डोसाची तारीख वडिलांना लिहून घ्यायला लावली. डोस पडला, रेडकू धड आहे. भोत आढ्याला टांगलेले आहे. आता वाद आहे तो दुधाचा. घरची रीत अशी, की रेडकाला एक आचळ सोडायचे. मुलाचे पुस्तक सांगते, की वासराला रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध हवे. तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर झाले. म्हैस दोन वेळचे मिळून सात लिटर देते. म्हणजे एक आचळ पुरत नाही, जवळजवळ दोन सोडावी लागतात. आजी लगेच कबूल झाली. वडील म्हणतात, सोसायटीत दूध घालून कर्जाचा हप्ता जातो, तो या पुस्तकात धरला आहे का? तो धरलेला नाही. दिवाळीला मुलगा घरी येईल तेव्हा रेडकू तोलायचे आणि मग बोलायचे, असे ठरले आहे.