अडलेल्या कोंबडीपाशी

खुराड्यापाशी पाट टाकून बसा. मोबाईल घरातच राहू दे. सकाळपासून ती दाणे टिपायला आलेली नाही, हे तुम्हाला कळलंय. तरी लगेच हात लावू नका. आधी तिच्याकडे नीट पाहा.

पिसं फुलवून, शेपूट खाली सोडून ती ताठ उभी आहे. मधूनच अंडं घालायच्या जागी जाऊन बसते, थोड्या वेळाने काही न घालताच उठते. शेपटीखालचा भाग आकसतो, सैल पडतो, पुन्हा आकसतो. ती कळा देते आहे. खुडूक कोंबडी अशी दिसत नाही. ती जमिनीला चपटून बसते, हात नेला की पिसारते, गुरगुरते, चोच मारते. हिला चोच मारायचंही त्राण नाही, डोळे मिटत चाललेत. हा फरक मनात पक्का होईपर्यंत पाहत राहा.

आता तिला उचला. पंख अंगाशी धरून, छातीखाली तळहात ठेवून मांडीवर घ्या. ती ऊबदार लागेल. कोंबडीचं अंग एरवीही ४१ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा त्या ऊबेला ताप समजू नका. तिचा श्वास तुमच्या हाताला लागतो आहे का? तुमचा श्वास आपोआप त्याच्यामागे धावू लागेल. त्याला धावू देऊ नका, संथ राहू द्या. तुमची घाई हातातून तिच्यापर्यंत पोचते, आणि घाबरलेली कोंबडी अंडं आणखीच धरून ठेवते.

शेपटीखाली, माकडहाडाच्या खालच्या बाजूला दोन बोटं अलगद टेकवा. आत टणक गोळा लागला तर अंडं तिथेच आहे. बोटं तिथे नुसती राहू द्या. दाबायचं नाही. आत कवच फुटलं तर त्याच्या धारेने नळी फाटते, जखम चिघळते, आणि वाचली असती ती कोंबडी हातची जाते.

बोटं तशीच ठेवून मनाने आत जा, आणि हे अंडं आलं ती वाट सुरुवातीपासून चला. कोंबडी स्वतः अंड्यात वाढत असताना तिला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतो, पण वाढतो फक्त डावा. तिथून पिवळा बलक सुटला. पुढच्या नळीत तीनेक तास पांढरा बलक त्याच्याभोवती चढत गेला, मग तासाभरात पातळ पापुद्रे आले. त्यानंतर सुमारे वीस तास कवच. यातला बराच वेळ रात्रीचा होता. तुम्ही निजला होतात, दाणापाणी बंद होतं, आणि तिच्या शरीराला चुना हवा होता. एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्यावर आलेल्या तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत त्याचा साठा तयार होतो. रात्री तो तिथून काढला जातो. म्हणजे हा टणक गोळा काही अंशी तिचं स्वतःचं हाड आहे. इथे जरा थांबा.

अंडं बाहेर ढकलणारा स्नायूही त्याच कॅल्शियमवर चालतो. सगळं कवचात गेलं की आकसायला जोर उरत नाही. अडण्याचं हे एक मोठं कारण. पहिलटकर तलंग, फार चरबी चढलेली कोंबडी, दोन बलकांचं थोराड अंडं, म्हातारपण, ही बाकीची.

घमेल्यात कोमट पाणी घ्या, कोपराला सुखद लागेल इतपतच. तिला पोटापर्यंत त्यात बसवा, एक हात छातीखाली, दुसरा पाठीवर. सुरुवातीला ती पाय झाडेल, मग हळूहळू अंग सोडेल. पंधरा-वीस मिनिटं हेच तुमचं काम. पाण्यात तिचं वजन हलकं होताना जाणवेल. पाणी निवलं तर गरम पाणी बाजूने, हात मध्ये धरून घाला. मन पुन्हा पुन्हा विचारेल, आता काय करू? हात जिथे आहे तिथेच ठेवा. इथे करणारी ती आहे. तुमच्याकडे मागणी आहे ती ऊबेची आणि निवांतपणाची.

बाहेर काढल्यावर टॉवेलने टिपून नीट कोरडी करा, ओल्या अंगावर वारा नको. मागच्या तोंडाला बोटाने थोडं खोबरेल लावा. डालग्यात जुनं कापड, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, वर झाकण. चोचीजवळ पाणी ठेवा. कोंबड्यांचं कॅल्शियमचं औषध घरात असेल तर बाटलीवरच्या मापाने द्या. मग तिथून उठून जा. सारखं झाकण उघडून पाहणं ही काळजी असली तरी तिला तो त्रासच आहे.

दोन-तीन तासांत अंडं पडलं नाही, किंवा ती पाय ओढू लागली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अंडं आतल्या नसांवर दाबलं की पाय लुळे पडतात. दिवस-दोन दिवस अंडं अडून राहिलं तर कोंबडी मरू शकते, म्हणून 'उद्या बघू' म्हणू नका. कळा वाढवणारं इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं. दोनशे रुपयांच्या कोंबडीला कुठे दवाखाना, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. जिने तुमच्या ताटात हाडातला चुना वाढला, तिला डालग्यात घालून नेण्याची लाज कसली?

सुटली, तर पुढच्या दिवसांत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. लागेल तेवढा ती स्वतः टिपते. तांदळाच्या कण्या आणि उरलासुरला भात कमी करा, परसात हिंडू द्या. तिची मूळ रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आपण निवडून निवडून काही जाती तीनशेवर नेल्या, आणि तो भार याच एका डाव्या नळीवर आहे. खुराड्यात रात्री दिवा लावत असाल तर काही आठवडे तो काढा. उजेडाचे तास वाढले की कोंबडी अंड्यावर येते, आणि हिला सध्या त्यातून सुट्टी हवी आहे.