जिन्याने धरलेले पाऊल

जिना बांधणाऱ्याला चढणारा आधी मनात आणावा लागतो. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर असावी, हा हिशेब सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुकार ब्लाँडेल यांनी मांडला. तो माणसाच्या एका ढांगेवरून आला. म्हणजे प्रत्येक पायरीत कुणाचे तरी पाऊल मोजलेले असते. बेलापूर स्थानकाच्या भुयारी मार्गातून फलाटावर चढताना हे जाणवते. तिथे धरलेले पाऊल लोकल गाठायला निघालेल्या नोकरदाराचे आहे. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या आजींचे नाही.

पुण्याच्या पर्वतीने वेगळेच पाऊल धरले. टेकडीवरचे देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारले. वर नेणाऱ्या शंभरावर दगडी पायऱ्या ऐसपैस आहेत, बुटक्या आहेत आणि किंचित उतरत्या. हत्ती चढावेत म्हणून त्या तशा बांधल्या, असे पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगतात, आणि चढून पाहिले की ते पटते. एक पायरी एका ढांगेत संपत नाही. मध्ये जास्तीचे पाऊल पडते आणि लय सापडेपर्यंत माणूस अडखळत राहतो. पेशव्यांचा लवाजमा न थांबता वर जावा, अशीच त्या दगडांची मांडणी आहे.

एवढ्या उदार वाटेच्या टोकाला, अस्पृश्य मानलेल्या पुणेकरांसाठी मात्र देवळाचे दार बंद होते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, न. वि. गाडगीळ, एस. एम. जोशी अशी मंडळी त्यात होती. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. दार उघडले नाही.

पर्वती चढताना मला या दिवसाची आठवण हत्तींच्या आधी येते. पायरी कितीही सोपी करा, शेवटच्या पायरीपुढचा उंबरठा वेगळ्या मापाने घातलेला असतो आणि ते माप गवंडी ठरवत नाही. जनावराच्या पावलाचा विचार ज्या काळजीने झाला, ती काळजी पायथ्याच्या शहरातल्या माणसांच्या वाट्याला आली नाही. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये कायदा करून मंदिरप्रवेश नाकारणे बेकायदा ठरवले. त्याला सत्याग्रहापासून अठरा वर्षे लागली. पायऱ्यांचा एकही दगड त्यासाठी हलवावा लागला नाही.